रुजू होण्यास झालेल्या विलंबाचे कारण

माझी पेन्शन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी गेली. असं म्हटलं की उत्तरा, म्हणजे माझी बायको, म्हणते की सकाळी सकाळी अभद्र बोलू नये. पण तारीख मी ठरवलेली नाही, सरकारने ठरवली आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर जो सरकारी नोकरीत रुजू होईल त्याला जुनी पेन्शन नाही, असा निर्णय निघाला आणि तो निघालाही अगदी आदल्या दिवशी. त्या १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. मी नागपुरात घरी पाटावर बसून लक्ष्मीला धणे-गुळाचा नैवेद्य दाखवत होतो आणि माझा नेमणुकीचा आदेश देवघराशेजारच्या कपाटात पडून होता. भाऊबीज आटोपून मी अहेरीला जाऊन कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो, तेव्हा साहेबांनी पेढा तोंडात टाकत ही बातमी सांगितली.

ज्यांना या विषयातलं काही कळत नाही अशा सुखी लोकांसाठी थोडक्यात सांगतो. जुनी पेन्शन म्हणजे निवृत्तीनंतर शेवटच्या पगाराच्या निम्मे पैसे दर महिन्याला, मरेपर्यंत, वर महागाई भत्ता, आणि आपण गेल्यावर बायकोलाही काही ना काही. नवी म्हणजे आपल्या पगारातून कापायचं, सरकारने त्यात आपली भर घालायची, ते सगळं बाजारात ठेवायचं आणि निवृत्तीच्या दिवशी बाजाराची तब्येत कशी आहे ते बघायचं. मला कोथिंबिरीच्या जुडीचा भाव करता येत नाही. अशा माणसाचं म्हातारपण कोणी बाजाराच्या हवाली करू नये, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यासाठी मी संपावर गेलो, टोपी घातली, घोषणा दिल्या आणि आठवडाभर घसा बसवून घेतला.

आता प्रश्न असा की आदेश हातात असताना मी रुजू का झालो नाही. तर बाबांमुळे. माझे वडील दत्तोपंत, स्वतः सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, जुन्या पेन्शनीचे धनी. त्या काळी आमच्या गल्लीत त्यांच्या पंचांगाशिवाय पान हलत नसे. कोणाचं बारसं, कोणाची बोअरवेल, कोणाची स्कूटर, सगळं बाबांना विचारून. माझा आदेश आला तेव्हा त्यांनी पंचांग उघडलं, मिटलं आणि म्हणाले, "अमावस्येच्या तोंडावर कुठं निघतं का कोणी? पाडवा होऊ दे." झालं. पाडवा झाला.

त्यानंतर बाबांनी पंचांग सोडलं. म्हणजे दर वर्षी नवं येतं, खिळ्याला लटकतं, पण ते हात लावत नाहीत. कोणी विचारायला आलं की म्हणतात, "मले नका विचारू, दुसऱ्याले विचारा." आमचं वॉशिंग मशीन कुठल्या तरी भलत्याच दिवशी आलं, भैरवीचा, म्हणजे आमच्या मुलीचा, कॉलेजप्रवेश चक्क राहुकाळात झाला, बाबा गप्प. महागाई भत्ता वाढल्याची बातमी पेपरात आली की तो पेपर घडी करून उशीखाली ठेवतात, मला दिसू नये म्हणून. मी तो ऑफिसात आधीच वाचलेला असतो. एका घरात एक जुना पेन्शनर आणि एक नवा, आणि दोघांच्या मध्ये उशीखाली पेपर. मला माझ्या पेन्शनीपेक्षा ते जास्त लागायचं. पंचाऐंशीकडे झुकलेल्या माणसाने मुलाला बघून पेपर लपवावा, हे बरं नाही.

आणि मग २०२४च्या फेब्रुवारीत सरकारला पाझर फुटला. ज्यांच्या पदाची जाहिरात त्या तारखेआधी निघाली होती पण नेमणूक नंतर झाली, अशांनी जुन्या पेन्शनीसाठी सहा महिन्यांच्या आत विकल्प द्यावा, असा निर्णय आला. सरकारी भाषेत विकल्प म्हणजे निवड. आमच्या घरी मात्र मनात विकल्प येऊ नये असं म्हणतात. दोन्ही अर्थांनी पुढचे सहा महिने माझ्या डोक्यात विकल्पच विकल्प होते.

मी तो निर्णय घरी आणून बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते कानाला हात लावून ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "जाहिरात कधीची होती?"

"ऑगस्टची."

"मग बसतं न त्याच्यात." एवढंच बोलून ते उठले आणि अंगणात जाऊन उगाच कुंड्यांना पाणी घालू लागले. सकाळीच घातलेलं होतं.

शेजारच्या रुपरावांना भिंतीपलीकडून सगळं ऐकू जातं. ते हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांच्या कंपनीच्या पेन्शनीचा आकडा विचारला की ते बायकोकडे बघतात आणि बायको दुसरीकडे. पण देशातल्या पेन्शनसुधारणांचा त्यांच्याइतका अभ्यास खुद्द सरकारचाही नसेल, कारण सरकारकडे त्यांच्याइतके व्हॉट्सॲप ग्रुप नाहीत.

"घेऊ नको गा अमोल," ते कुंपणावरून म्हणाले. "सरकार मांगल्याबिगर देऊन राहिली म्हणजे त्याच्यात काहीतरी गोम असन."

"मागितली होती ना. संप केला होता."

"मांगितल्यावर देऊन राहिली? मग तर पक्की गोम हाय." दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, घेऊन टाक. तिसऱ्या दिवशी म्हणाले, अर्धी घे. अर्धी मिळत नाही म्हटल्यावर मला व्यवहार कळत नाही असं ठरवून ते आत गेले.

अहेरीहून माझी नागपुरात बदली होऊन बरीच वर्षं झाली. इथल्या ऑफिसातल्या आस्थापना शाखेत सरिता मॅडम बसतात. बाई सज्जन, पण कागदाशिवाय त्या सूर्य उगवल्याचंही मानणार नाहीत. त्यांनी माझा विकल्प हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "जाहिरातीची प्रत लावा सर."

"ती तुमच्याकडेच असेल. भरतीची फाईल."

"ती निंदणीकरणात गेली."

शेतातलं तण काढतात त्याला निंदण म्हणतात. सरकारही दर काही वर्षांनी जुन्या फायलींचं निंदण करतं. माझं म्हातारपण तण म्हणून उपटलं गेलं होतं. मी एका वाचनालयात गेलो. तिथे वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली बांधून ठेवलेल्या असतात. ऑगस्टची फाईल मिळाली, धुळीने शिंका आल्या, पान उघडलं, तर जाहिरातीच्या जागी ब्लेडने कापलेली एक सुबक खिडकी. त्या खिडकीतून मागच्या पानावरचं राशिभविष्य दिसत होतं. कोणीतरी बेरोजगाराने तेव्हा कापून नेली असणार. अर्ज मीही केला होता, त्यानेही. नोकरी मला लागली, जाहिरात त्याला मिळाली.

घरी येऊन मी कपाटाच्या फळ्यांवरचे कागद उचलून बघत होतो तेव्हा उत्तरा म्हणाली, "ते मी दर दिवाळीला बदलते. आपली सगळी रद्दी तेव्हा कुहीला जायची ना, आत्याकडे."

हे माझ्या लक्षातच नव्हतं. देवकीआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. कुही तालुक्यात तिची धानाची शेती, आणि घराला जुनी मातीची कोठी. भिंतीची माती धानात पडू नये म्हणून ती दर वर्षी कणकेची खळ करून आतून वर्तमानपत्रं चिकटवते. बाबा वर्षभराची रद्दी दिवाळीच्या सुमारास तिला पाठवून देत. म्हणजे ऑगस्टचा पेपर त्या वर्षी भिंतीवर चढला असणार. फक्त त्याच्यावर पुढच्या सगळ्या वर्षांचे पेपर चढले असणार.

मे महिन्यात, ऊन असं की कुत्रीसुद्धा नालीतून उठत नाहीत, आम्ही रुपरावांच्या गाडीतून कुहीला निघालो. रुपराव स्वतःहून आले. त्यांच्या गाडीत एसी आहे, पण तो लावला की गाडी चालत नाही, म्हणून लावत नाहीत. बाबांनीही यायचा हट्ट धरला. उत्तराने वाफेची इस्त्री बरोबर घेतली होती. लग्नाच्या पत्रिकेवरचं तिकीट वाफेने निघतं, तसा पेपर निघेल असा तिचा अंदाज.

आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माही भिंत उकलून राहिले का तुमी? आन मंग पाऊस आल्यावर?"

"आम्ही नवे पेपर लावून देऊ आत्या."

"खळ तुह्या बायकोले करता येते का?"

उत्तराने येते म्हटलं. मला ते खरं वाटलं नाही.

मग कोठीत आम्ही वर्षं सोलायला लागलो. ओलं फडकं, इस्त्री, मग हळूच नखाने. वरचे दोन-तीन थर गेल्यावर लॉकडाऊन निघाला. त्याच्या खाली नोटा बदलायच्या रांगा. आत्याचा शेजारी नत्थू दारात उभा राहून प्रत्येक निघालेलं पान मोठ्याने वाचत होता. एकदा "कांद्याचे भाव कोसळले" असं वाचून त्याने तारीख विचारली, कारण त्याला ते कालचंच वाटलं. बघता बघता अर्धं गाव जमलं. एका म्हाताऱ्याला त्याच्या मुलाच्या निकालाचं पान हवं होतं. एकीला पाककृतीचं. मी सरकारी कामासाठी आलोय असं बजावून सांगितलं, त्यावर नत्थूने मला विचारलं की मग भिंतीचा पंचनामा कुठाय.

दुपार कलली तेव्हा २००५ लागलं. ऑगस्टचं पान सापडलं, जाहिरातही सापडली, फक्त ती उलटी चिकटवलेली होती.

"फोटो असला तं मी सरळ लावतो," आत्या म्हणाली. "याच्यात कुठं फोटो होता? अक्षरं उलटी असली काय, सुलटी असली काय. धानाले वाचता येते का?"

मी कमरेत वाकून, मान खाली घालून, पायांच्या मधून ती जाहिरात वाचली. कनिष्ठ लिपिक, पदांची संख्या, वयोमर्यादा, आणि वर, म्हणजे खाली, तारीख. सगळं होतं. आनंदाने मी तसाच ओरडणार होतो, तेवढ्यात मान अडकली. त्या अवस्थेतला माझा फोटो कोणीतरी काढला. तो कुहीच्या दोन ग्रुपांवर फिरून रुपरावांच्या मार्फत माझ्या साहेबांपर्यंत पोचला, आणि मी योगाभ्यास करतो असा ऑफिसात समज झाला.

मान सुटली, पण जाहिरात सुटेना. तिच्या मागची खळ जुनी आणि इमानदार होती. शेवटी आत्यानेच खुरपं आणून भाकरीएवढा तुकडा भिंतीसकट काढला. मागे माती, मातीत तणसाच्या काड्या, पुढे माझं भवितव्य. आम्ही तो साडीच्या खोक्यात ठेवला. निघताना आत्या बाबांना म्हणाली, "दादा, आता तरी तोंड उघडजो." मला वाटलं ती बोलतेय ते दातांच्या डॉक्टरबद्दल.

सरिता मॅडमनी खोका उघडला आणि खुर्ची मागे सरकवली. "हे काय आहे सर?"

"जाहिरात."

"जाहिरात कागदावर असते."

"कागद आहे. मागे थोडी भिंत आहे."

झेरॉक्सवाल्याने काचेवर माती सांडेल म्हणून नकार दिला. मग मोबाईलवर फोटो, फोटोची प्रिंट, आणि प्रिंटवर साहेबांची "मूळ प्रतीवरून तपासले" अशी सही. मूळ प्रत तपासताना साहेब दोनदा शिंकले, पण माणूस कर्तव्यदक्ष, त्यांनी तारीख बोटाने पुसून वाचली. प्रस्ताव पुढे गेला. मी घरी पेढे आणले. पेढे घाईने आणू नयेत हे मला अहेरीपासून माहीत असायला हवं होतं.

कारण मुदत संपायला थोडे दिवस उरले असताना वरून प्रस्ताव त्रुटीसह परत आला. जाहिरात मान्य होती. आक्षेप वेगळाच होता. नेमणुकीचा आदेश कट-ऑफ तारखेआधीचा असताना कर्मचारी तिच्या नंतर का रुजू झाला, याचा लेखी खुलासा सादर करावा. विलंबाचे कारण समाधानकारक नसल्यास प्रस्तावाचा विचार केला जाणार नाही.

रविवारी सकाळी मी डायनिंग टेबलवर कोरा कागद घेऊन बसलो. समोर बाबा, शेजारी चहाला आलेले रुपराव, आणि ओट्याशी उत्तरा रवा चाळत होती. घरातली सगळी पेन्शन आता त्या एका ओळीवर आली होती.

"मलेरिया लिही," रुपराव म्हणाले. "माह्या साळ्याचा डॉक्टर हाय, मागच्या तारखेचं सर्टिफिकेट भेटून जाईन."

"खोटं काही लिहायचं नाही," बाबा म्हणाले. आवाज इतका जुन्या हेडक्लार्कचा होता की रुपराव बशीतला चहा फुंकायचे थांबले. "खुलासा खरा पायजे. माझं नाव लिही. वडिलांच्या अंधश्रद्धेमुळे विलंब झाला. मी सही करतो खाली."

मी पेन उचललं नाही. वडिलांना आपल्या हाताने असं सरकारदरबारी लिहून द्यायचं, तेही पेन्शनसाठी, हे मला जमणारच नव्हतं. मी म्हटलं, "त्यापेक्षा नवीच राहू दे."

"कायले राहू दे? इतकी भिंत खोदली तिकडं."

तेव्हा उत्तराने चाळणी खाली ठेवली. "त्यांचं नाव लिहू नका. माझं लिहा."

"सूनबाई, तू मधात पडू नको वं."

"नाही बाबा, आता सरकारनंच विचारलंय." ती पदराला हात पुसत माझ्यासमोर येऊन बसली. "तुमचा आदेश आला तेव्हा आपल्या लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. पहिला दिवाळसण. माझ्या आईने तुमच्यासाठी अंगठी करून ठेवली होती, आणि तुम्ही निघालात अहेरीला. मी बाबांकडे जाऊन रडले. म्हटलं, काहीही करा, पण दिवाळी होईपर्यंत यांना थांबवा. बाबांनी पंचांग उघडलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी मुहूर्त होता, चांगला लखलखीत. त्यांनी मला बोटाने दाखवला. मग पंचांग मिटलं आणि तुम्हाला हाक मारून अमावस्या सांगितली."

मी बाबांकडे बघितलं. ते टेबलावरचा रव्याचा कण बोटाने गोळा करत होते.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"सुनेचं नाव घेतलं असतं तर तुम्ही दोघं जन्मभर भांडले असते," बाबा म्हणाले. "पंचांगाशी कोण भांडते? म्हणून म्हटलं, राहू दे त्याच्यावरच."

"आणि नंतर कोणाला मुहूर्त का सांगितले नाहीत?"

"एकदा खोटा सांगितला न गा. मंग खरा कोणत्या तोंडानं सांगू?"

रुपराव डोळे पुसायला लागले. ते म्हणाले की चहा गरम होता. उत्तरा माझ्याकडे बघत नव्हती. इतकी वर्षं तिने माझी त्रासिक भाषणं ऐकली होती, पगाराच्या स्लिपा, बाजार, लक्ष्मीपूजन, सगळं, आणि एकदाही काही बोलली नव्हती. दर वेळी किती लागलं असेल तिला. रागवायला हवं होतं, निदान थोडं, माझा हक्कच होता तो. पण मला काय वाटलं ते सांगतो. मी पंचांगापायी फसलेला माणूस आहे असं समजत आयुष्य काढलं होतं, आणि आज कळत होतं की मला चार दिवस घरी ठेवून घेण्यासाठी एका बाईने रडून गाऱ्हाणं घातलं होतं आणि एका सत्यवचनी हेडक्लार्काने पंचांग खोटं पाडलं होतं. एवढा भाव मला कुठल्याही बाजारात आला नसता. मी उत्तराला म्हटलं, ती अंगठी मला घट्ट होत होती, पण दिवाळसण छान झाला होता. मग ती रडली, आणि रवा तसाच राहिला.

खुलासा बाबांनी सांगितला आणि मी लिहिला. "विवाहानंतरचा पहिला दिवाळसण असल्याने पत्नीने केलेल्या विनंतीवरून व वडिलांच्या संमतीने सदर विलंब झाला आहे. त्यात कर्मचाऱ्यासही आनंदच होता." शेवटचं वाक्य माझं. बाबा म्हणाले, कार्यालयीन पत्रात आनंद लिहीत नाहीत. मी म्हटलं, या वेळी लिहू.

सोमवारी सरिता मॅडमनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. "सर, हे असंच पाठवू?"

"असंच पाठवा."

त्यांनी शिक्का मारला, आणि टाचणी लावण्याआधी कागद जरा सरळ केला.

आदेश यायला पावसाळा सरत आला. तोवर रुपरावांनी तीनदा सांगितलं की आता काही होत नाही, आणि त्यांच्या ग्रुपवर तसं आलंही होतं. एका दुपारी पाकीट आलं. मी ते घरी आणून बाबांच्या हातात दिलं, कारण वाचायचं धाडस मला होईना. त्यांनी भिंग घेतलं आणि पहिल्यापासून, संदर्भ क्रमांकांसकट, वाचायला सुरुवात केली. जुनी पेन्शन योजना लागू करण्यास मंजुरी देण्यात येत आहे, ही ओळ त्यांनी एकदाच वाचली आणि पुढे गेले. खालच्या एका ओळीवर मात्र भिंग थांबलं.

"उत्तरा, इकडं ये वं," त्यांनी हाक मारली. ती ओल्या हातांनी आली. "पाय, सरकार काय म्हणून राहिलं. 'रुजू होण्यास झालेल्या विलंबाचे कारण समर्थनीय आहे.' चाळीस वर्षं नोकरी केली मी, समर्थनीय असं कोणाच्याच फाईलवर पाह्यलं नव्हतं."

"म्हणजे काय बाबा?"

"म्हणजे आपण बरोबर केलं."

तिने ती ओळ स्वतः वाचली, भिंग न घेता. मग बाबांनी आदेश माझ्याकडे दिला आणि चहा ठेवायला सांगितलं, मला, तिला नाही.